सातच्या आत टेकडीवर

चोपड्याच्या मोजणी ऑफिसात मी रुजू झालो त्या दिवशी नानांनी माझी ऑर्डर वाचायच्या आधी माझे बूट पाहिले.

"तळवे गुळगुळीत आहेत," ते म्हणाले. "टेकडीवर घसराल."

"कोणत्या टेकडीवर?"

"संध्याकाळी कळेल. उद्यापासून दुसरे घाला."

मी धुळ्याचा. गावात ओळखीचं कुणी नव्हतं, भाड्याची एक खोली तेवढी होती. नाना ऑफिसातले सगळ्यात जुने भूकरमापक. उंच, काटकुळे, शेताशेतांतून उन्हात उभं राहून काळे पडलेले. त्यांचं आडनाव साहेबांपासून शिपायापर्यंत कुणी वापरत नसे. सगळ्यांचे ते नाना.

बांधावर उभे असले की या माणसाला कशाचीच भीती नसायची. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर आलेले मी पाहिलेत. नाना मध्ये खुंटी ठोकत म्हणायचे, "माप चुकत नाही. माणसं सरकतात. सरका जरा." आणि ते सरकायचे.

पण शेतातून गावात आले की नानांना सगळ्याचीच भीती वाटे. पंख्याखाली ते बसत नसत. खुर्ची ओढून भिंतीला लावत. टपरीवर चहा सांगितला की आधी शेगडीची नळी वाकून हुंगत. टपरीवाला म्हणायचा, "नाना, आज चहा प्या, नळी उद्या प्या." ते हसत नसत. आणि संध्याकाळी एकमेकांपासून पांगताना प्रत्येकाला एकच वाक्य: "पोचल्यावर मिस कॉल द्या."

मी एकदा विसरलो. खोलीवर येऊन आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर दारात नाना, स्कूटर चालूच, कपाळावर घाम.

"आहात ना?"

"आहे ना, नाना. जाणार कुठं?"

"मग ठीक," म्हणाले, आणि निघून गेले. तेव्हा मला त्याचा राग आला होता. माणूस वडीलधारा असला तरी किती काळजी करायची याला काही धरबंध?

टेकडीवर आम्ही तिघं जायचो. नाना, मी आणि सलीमभाई. सलीमभाई आमच्याकडे कारकून होते. त्यांच्या घरी तीन पिढ्या शिंपीकाम, आणि ते स्वतः बोलण्यात कुणाच्याही कापडाला कात्री लावायचे. सव्वासहाला ऑफिस सुटलं की नानांची स्कूटर पुढे, आम्ही मागे. गावाच्या उत्तरेला, सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ती बुटकी टेकडी. खाली केळीचे मळे, वर काटेरी झुडपं आणि काळे दगड. उन्हाळ्यात त्या वेळी दगड अजून तव्यासारखे असत, पण वर जरा वारा लागायचा. नाना चढताना आम्हाला आलटून पालटून मध्ये घेत. बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून असायच्याच, त्यामुळे मागे राहणाऱ्याला ते सतत हाक मारत. माझीही नजर मग झुडपांतच फिरे. हवा खायला म्हणून गेलेलो मी खाली येईपर्यंत घामाघूम झालेला असे, आणि तो घाम चढणीचा नसे.

वर गेलं की नानांचा ठरलेला एक सपाट दगड. गावाकडच्या कडेला, पुढे सरळ खोल उतार. त्यावर बसून ते गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावत. मोजणीच्या सामानातली नव्हे, जळगावहून स्वतः घेतलेली.

"नाना, काय बघता?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"पक्षी."

सलीमभाई म्हणाले, "सहा महिने झाले, एकच पक्षी बघतायत. कोणता हो, नाना?"

"मैना," नाना म्हणाले. दुर्बीण खाली न घेता.

सात वाजून एक-दोन मिनिटांनी ते दुर्बीण उतरवत, मोठा श्वास सोडत, आणि मग एकदम बोलके होत. जुन्या मोजण्यांचे किस्से सांगत. ते किस्से सातच्या आधी कधीच निघत नसत. मला तेव्हा यात काही विशेष दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली होती. एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब आले. सव्वासहाला सगळ्यांना आत बोलावलं. दहा मिनिटं झाली तसे नाना घड्याळ बघायला लागले. वीस मिनिटांनी त्यांचा सदरा पाठीला चिकटला. आणि साहेब बोलत असतानाच ते उभे राहिले.

"साहेब, मला जायचंय."

"कुठे?"

"टेकडीवर."

साहेबांना ती थट्टा वाटली. त्यांनी जे सुनावायचं ते सुनावलं. नाना ऐकून घेत दाराकडे सरकत होते. नोकरीत एक डाग नसलेला माणूस, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि फिरायला जायला उशीर होतो म्हणून साहेबांना पाठ दाखवतो! सलीमभाई नंतर मला म्हणाले, "भाऊ, हे फिरणं नाही. याच्यात काहीतरी दुसरं आहे." पण विचारायला दोघांचीही जीभ रेटली नाही.

एप्रिल संपत आला होता. सातपुड्यात कुठंतरी वणवा लागला होता आणि टेकडीच्या पलीकडच्या कडेवरून संध्याकाळी त्याची लाल रेघ दिसते असं मी ऐकलं होतं. मी नानांच्या मागे लागलो.

"रोज त्याच दगडावर काय बसायचं, नाना? पाच मिनिटं तिकडे जाऊ. सातच्या आत परत."

"उद्या बघू."

"उद्या विझेल तो. चला ना, तुम्ही नाही आलात तर आम्ही दोघंच जातो, मग तुम्हीच हाका मारत बसाल."

ते बोलणं लागू पडलं. आम्हाला एकटं सोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते आले. वणवा खरंच दिसत होता. डोंगराच्या अंगावर कुणी विस्तवाची दोरी टाकल्यासारखा. मी फोनवर फोटो काढत बसलो. नाना दोनदा म्हणाले, "चला." मी दोनदा म्हणालो, "एकच मिनिट."

परत त्या दगडाशी आलो तेव्हा सात वाजून बारा मिनिटं झाली होती. नानांनी दुर्बीण लावली. काढली. काच सदऱ्याला पुसली, पुन्हा लावली.

"सलीमभाई," ते म्हणाले, "तुम्ही बघा. पाण्याच्या टाकीच्या डावीकडे, शेवटच्या ओळीत तिसरं घर. गच्चीच्या जिन्यावर दिवा आहे का?"

सलीमभाईंनी पाहिलं. "अंधार आहे, नाना."

"लाईट गेली असेल," मी म्हणालो.

"शेजारी आहे. पलीकडे आहे. सगळीकडे आहे."

त्यांनी फोन लावला. मला घंटी ऐकू येत होती. वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. मग शेजारच्या सुमनबाईंना लावला, तोही कुणी उचलेना. नानांनी फोन माझ्याकडे दिला आणि ते उतारावर धावत सुटले. पायवाट सोडून, सरळ.

दहा पावलांवर पडले. उठले. पुन्हा धावले. गुडघ्यावर पँट फाटून रक्त येत होतं. आम्ही मागून ओरडत होतो. पायथ्याशी त्यांना स्कूटरची किल्ली कुलपात घालता येईना, तेव्हा मी ती हातातून घेतली आणि त्यांना मागे बसवलं. सलीमभाई त्यांच्या गाडीवर मागे.

त्या दोन-अडीच किलोमीटरमध्ये, वाऱ्यात, माझ्या कानाशी तोंड आणून नानांनी जे सांगितलं ते तुटक तुटक असं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा धरणगावच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, त्या दिवसापासून बोलायच्या थांबल्या. एका संध्याकाळी नाना ऑफिसातून उशिरा आले तर त्या मागच्या विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या. पाय आत सोडून. नानांनी दुसऱ्याच दिवशी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आणि रजा टाकून चार महिने त्यांच्यासमोर बसून राहिले. त्या न्हाणीत गेल्या तरी दाराशी उभे. शेवटी जळगावचे डॉक्टर म्हणाले, अशानं बाई बरी व्हायची नाही. आणि अक्का स्वतः म्हणाल्या, मला पोलिसासारखा पहारा नको. ऑफिस सुटल्यावर रोज एक तास तरी बाहेर राहा, मला एकटीला श्वास घेऊ द्या, सारखे फोनही करू नका.

"मी तिला शब्द दिला," नाना म्हणाले. "तिला सांगितलं, फिरायला जातो. ती सातला जिन्याचा दिवा लावते. लावला की मला कळतं."

माझ्या डोळ्यांसमोर ती वणव्याची रेघ होती आणि माझं ते 'एकच मिनिट'.

घर अंधारात होतं. दार नुसतं लोटलेलं. नाना हाका मारत आत गेले. चार्जिंगला लावलेला अक्कांचा फोन ओट्यावर होता, त्यावर नानांचे दोन कॉल. बाकी कुणी नाही. नाना मागच्या दाराने विहिरीकडे धावले. जाळी जागच्या जागी होती, कुलूप होतं. तरी ते जाळीला तोंड लावून आत वाकून बघत होते. मीही त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसून बॅटरी मारली. खाली पाण्यावर आमचेच चेहरे हलत होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. चार-पाच बायकांचा, भरभरून.

नानांनी मान वर केली. कंपाउंडच्या भिंतीवरून आम्ही तिघांनी डोकावलं. सुमनबाईंच्या मागच्या ओट्यावर दिवा होता, उडदाच्या पापडांचा घाट घातलेला होता, आणि मध्ये बसलेल्या अक्का पोळपाटावर पापड लाटत कुणाला तरी काहीतरी सांगून हसवत होत्या. आम्हाला पाहिलं आणि त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं.

"काय जयं? कोनले काय जयं?" कुणाला काय झालं, असं विचारत त्या धडपडत उठल्या.

"जिन्यावरचा दिवा लागला नाही म्हणून..." मी म्हणालो. अक्का भिंतीशी आल्या. फाटकी पँट, रक्त, आमची उतरलेली तोंडं त्यांनी पाहिली. मग घाईघाईने म्हणाल्या, "दिवा लावाना राही गया ना? माझ्या ध्यानातच नाही राहिलं हो. पापड लाटता लाटता..."

आणि तिथंच थांबल्या. दिवा लावायचा राहिला हे या तिघांना कसं कळलं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर आलेला मी पाहिला. मग त्यांची नजर नानांच्या गळ्यातल्या दुर्बिणीवर गेली.

नाना विहिरीच्या कठड्याला टेकून खाली मातीत बसले. मग म्हणाले, "पापड किती झाले?"

अक्कांनी हात पदराला पुसले. त्या फाटकातून फिरून आपल्या घरी आल्या, आम्हाला तिघांना पाणी दिलं. नानांचा गुडघा धुतला. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तठून मी दिखस का?"

तिथून मी दिसते का. त्यांना खोटं सांगावं की खरं, हे ठरवायला मला जेवढा वेळ होता तेवढ्यात मी म्हणालो, "नाही, अक्का. फक्त दिवा दिसतो."

त्यांनी नानांच्या गळ्यातून दुर्बीण काढली, ओल्या हातांनीच, स्वतःच्या डोळ्याला लावून समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि ती घेऊन आत गेल्या. माझं खोटं त्यांना कळलं होतं.

पुढचे चार दिवस नाना टेकडीवर आले नाहीत. सव्वासहानंतरही ऑफिसात खुर्चीवर बसून राहत. टपरीवर नळी हुंगत नव्हते. मिस कॉलही मागत नव्हते. त्यांचं ते सारखं मागे लागणं थांबलं याचं मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट मलाच चैन पडेना.

"अक्का काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही म्हणत नाही. जेवायला वाढते. मी शब्द मोडला ना." मग म्हणाले, "आता कुठं ती हसायला लागली होती. मी त्याच्यावर पाणी टाकलं."

"मी थांबवलं म्हणून झालं, नाना."

"तुम्ही नसतं थांबवलं तरी दिवा लागला नसताच," ते म्हणाले. "मोजायचं ते नीट मोजा."

पाचव्या दिवशी सहा वाजता ऑफिसच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. त्या नानांना म्हणाल्या, "चला. मले बी देखाडा तुमनी टेकडी."

नाना नको नको म्हणत राहिले. ऊन आहे, दगड आहेत, तुला दम लागेल, बिबट्या. त्या ऐकायला थांबल्याच नाहीत. सव्वासहाला आम्ही चौघं निघालो. चढताना नाना त्यांच्या एक पाऊल मागे, दोन्ही हात पसरून, पडणाऱ्या भांड्याला धरायला उभं राहावं तसे. दोनदा त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि त्यांचे हात बाजूला केले.

वर आल्यावर त्यांनी विचारलं, "कोणत्या दगडावर बसता?"

नानांनी दाखवला. अक्का त्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. पुढे खोल उतार. नानांचा चेहरा पांढराफटक. अक्कांनी पिशवीतून दुर्बीण काढली, घर शोधलं आणि खूप वेळ पाहत राहिल्या. गच्ची, दोरीवरचे कपडे, विहिरीवरची जाळी, सगळं दिसत असणार. माझ्याकडे मात्र त्यांनी वळून पाहिलं नाही.

मग म्हणाल्या, "आते तुम्ही खाले जा. घर जाईसन दिवा लावा. मी आठून देखस." मी इथून बघते.

नाना हलले नाहीत. त्यांनी उताराकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "सलीमभाई, तुम्ही जरा हिच्याजवळ..."

"कोनले काही सांगू नका," अक्का म्हणाल्या. "जा."

तो माणूस गेला. वाटेत चार वेळा थांबून वळून पाहिलं त्याने. सलीमभाई आणि मी अक्कांपासून हातभर अंतरावर उभे. त्यांना पाठ दाखवण्याची हिंमत होईना. खालून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि केळीच्या मळ्यांमागे विरला.

सात वाजले. गावात दिवे लागत होते. टाकीच्या डावीकडे, शेवटच्या ओळीत तिसरं घर अंधारातच.

"पोचले असतील ना?" अक्का म्हणाल्या.

"पोचतील, अक्का."

सात वाजून पाच झाले. त्यांनी दुर्बीण सलीमभाईंकडे दिली, परत ओढून घेतली. "गुडघा दुखतो त्यांचा. गाडी नीट चालवता येत नसेल." मग, "त्या वळणावर वाळू पडलेली शे." मग नुसत्याच, "किती वेळ लागतो हो?"

मी फोन काढला. त्यांनी माझ्या मनगटाला धरलं. "नको. लावू नका." पण मनगट सोडलं नाही. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती, त्या उन्हाळ्यात.

सात वाजून नऊ मिनिटांनी जिन्यावरचा दिवा लागला. साध्या डोळ्यांनाही दिसला.

अक्का खाली बसल्या. तोंडाला पदर लावून त्यांनी दोन-तीन मोठे श्वास घेतले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "रोज असंच व्हतं त्यास्ले?"

"रोज," सलीमभाई म्हणाले. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

आम्ही निघायच्या बेतात होतो तर खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला. मी काठी उचलली. झुडपांतून नाना वर आले. लंगडत, धापा टाकत, एका हाताने गुडघा धरून. दिवा लावून ते तसेच उलट्या पावली आले होते.

"तू... इथंच आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"दार लावलं का?" अक्कांनी विचारलं.

नाना आठवायला लागले. लावलं नव्हतं. ते लगेच परत फिरले.

अक्कांनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि त्यांना दगडावर, आपल्या शेजारी, ओढून बसवलं.

"राहू द्या उघडं," त्या म्हणाल्या. "बसा आठेच घडीभर. घरमा कोनीच नही शे."